वेदोक्त, सत्यशोधन आणि सहपंक्ती : करवीर संस्थानातील धर्मविचार व सामाजिक मुक्ती

धर्मश्रद्धा ही सामाजिक मुक्तीच्या कार्यात साधक ठरते की बाधक, हा प्रश्न समाजशास्त्राच्या अभ्यासकांना नवा नाही. एका पक्षाच्या मते श्रद्धा ही दास्याची सर्वांत चिवट बेडी होय; कारण ती माणसाने मनोमन स्वीकारलेली असते. दुसऱ्या पक्षाच्या मते, ज्यांच्याजवळ धन नाही, अधिकार नाही आणि अक्षरओळखही नाही, अशा जनसमूहाला अन्यायासमोर उभे करण्याचे सामर्थ्य श्रद्धेवाचून अन्यत्र क्वचितच आढळते. दोन्ही पक्षांना इतिहासात भरपूर पुरावा सापडतो आणि म्हणूनच हा वाद सर्वसामान्य पातळीवर मिटत नाही. श्रद्धा कोणती, ती कोणत्या आचारातून व्यक्त होते आणि ती कोणाला कोणाशी बांधते, असे तीन उपप्रश्न केले म्हणजे त्याला काही निश्चित रूप येते.

या तीन उपप्रश्नांच्या अभ्यासास करवीर संस्थानाचा इतिहास विशेष उपयोगी आहे. १८९९ ते १९२२ या अवघ्या दोन तपांच्या अवधीत, एकाच राजाच्या आश्रयाखाली आणि बहुधा त्याच त्या कार्यकर्त्यांच्या हातून, येथे धर्म आणि मुक्ती यांचा मेळ घालण्याचे निरनिराळे मार्ग चोखाळले गेले. वेदोक्ताचा अधिकार मिळवणे हा पहिला मार्ग. पुरोहित ही मध्यस्थ संस्थाच नाकारणे हा दुसरा. आणि ज्यांना समाजाने स्पर्शाच्याही बाहेर ठेवले त्यांच्याशी प्रत्यक्ष व्यवहारात एक होणे हा तिसरा. हे मार्ग परस्परांत मिसळलेले असल्यामुळे सामान्यतः त्यांचा उल्लेख एकाच चळवळीची अंगे म्हणून केला जातो. तथापि त्यांची तत्त्वे भिन्न आहेत आणि त्यांची फलेही भिन्न निघाली.

१. पूर्वपीठिका

महाराष्ट्रात भक्तीच्या क्षेत्रातील समतेची परंपरा पुरातन आहे. वारकरी संप्रदायाने कुंभार, शिंपी, माळी, सोनार, महार अशा सर्व जातींत संत दिले आणि चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांना एकमेकांच्या पाया पडण्यास शिकवले. परंतु या समतेला एक सीमा होती. चोखामेळ्याचे अभंग मंदिरात गाइले गेले. त्याच्या जातीच्या माणसांना मात्र महाद्वारातून आत जाता येत नव्हते. भक्तीने ईश्वरासमोरची समता मान्य केली. पाणवठा, पंगत आणि विवाह यांचा व्यवहार तिने जातीकडेच राहू दिला.

ही सीमा ओलांडण्याचा पहिला संघटित प्रयत्न महात्मा जोतीराव फुले यांनी केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा मूळ विचार साधा होता. जगाचा निर्मिक एक आहे. सर्व मानव त्याची लेकरे आहेत. आणि लेकराला पित्याकडे जाण्यासाठी मध्यस्थाची गरज नाही. या विचारात नास्तिक्य नाही, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जोतीरावांनी श्रद्धा टाकून दिली नाही. तिच्यावरचा मक्ता तेवढा मोडला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात समाजाच्या पद्धतीने पुरोहितावाचून पहिला विवाह लावण्यात आला. १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रकाशात आले. नुसते खंडन करून लोकांच्या घरातले लग्न, बारसे आणि अंत्यविधी अडून राहत असतील, तर लोक पुन्हा जुन्याच दारी जातील, ही जाण या विधिपुस्तकांच्या मुळाशी आहे.

जोतीरावांच्या विचारातील बंधुभावाची व्याप्तीही लक्षणीय आहे. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले. स्वतःचा काडीचाही लाभ नसता दुसऱ्याच्या मुक्तीसाठी झीज सोसणारी माणसे हा त्यांच्या आदराचा विषय होता. ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतले, ही घटनाही याच दृष्टीने पाहावी लागते. पौरोहित्याच्या मक्त्याविरुद्धचा लढा आणि विशिष्ट जातीत जन्मलेल्या माणसांविषयीचे वैर, या दोन गोष्टी त्यांच्या आचरणात एक नव्हत्या. ज्या कसोटीवर पुढील सर्व प्रयत्न पारखता येतील ती कसोटी येथेच उपलब्ध होते. श्रद्धेने माणसाला केवळ स्वतःच्या उन्नतीशी जोडले, की जिच्यापासून त्याला काहीच मिळवायचे नाही अशा दुसऱ्याच्या मुक्तीशीही जोडले?

२. वेदोक्ताचा मार्ग

शाहू छत्रपती १८९४ मध्ये गादीवर आले. १८९९ मध्ये कार्तिकस्नानाच्या निमित्ताने पंचगंगेच्या घाटावर जो प्रसंग घडला तो सुपरिचित आहे. राजपरिवाराचा पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे छत्रपतींबरोबर असलेले राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणले. भागवत हे स्वतः ब्राह्मण आणि संस्कृताचे व्यासंगी पंडित होते; ही बाब ‘ब्राह्मण विरुद्ध मराठे’ अशा सरधोपट मांडणीत बहुधा गळून पडते.

वेदोक्त आणि पुराणोक्त यांतील भेद आज केवळ शब्दांचा वाटण्याचा संभव आहे. त्या काळी मात्र तो वर्णाचा निर्णय होता. वेदमंत्रांनी संस्कार होण्याचा अधिकार त्रैवर्णिकांचा. शूद्रांना पुराणातील श्लोकांनी विधी करावयाचा. कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र असे दोनच वर्ण उरले, मधले दोन लुप्त झाले, असा जो पक्ष होता त्याच्या मते छत्रपतींचे घराणेही शूद्रांतच मोडत होते. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला. १९०१ मध्ये नारायणशास्त्री सेवेकरी यांनी वेदोक्त पद्धतीने राजघराण्याची श्रावणी केली. टिळकांच्या ‘केसरी’ने त्याच वर्षी वेदोक्ताच्या मागणीविरुद्ध भूमिका घेतली. १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन खालसा झाले आणि त्यांची अपिले वरिष्ठ सरकारनेही फेटाळली. वाद मंत्रांचा असला तरी त्याच्या तळाशी इनामजमीन, दक्षिणा आणि दरबारातील मान यांचाही प्रश्न होता, हे या वतनाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

या मार्गाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तत्त्वतः पाहता वेदोक्ताची मागणी ही वर्णव्यवस्था नाकारणारी नाही. ‘आम्ही शूद्र नाही, क्षत्रिय आहो’ या विधानात शूद्र म्हणून कोणीतरी असणारच, हे गृहीत आहे. शिडीची एक पायरी चढणाऱ्याला शिडी मोडण्याचे प्रयोजन नसते. त्यामुळे ही मागणी मान्य झाल्याने महार, मांग, चांभार यांच्या स्थितीत आपोआप काहीही पालट होणार नव्हता.

तथापि परिणामतः पाहता चित्र निराळे दिसते. ज्या राजाला आपल्याच घाटावर आपले स्थान काय ते कळले, त्याला आपल्या प्रजेच्या स्थानाचा विचार करणे प्राप्त झाले. २६ जुलै १९०२ रोजी, छत्रपती सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये असताना, संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व जातींना मागासलेल्या वर्गांत घेण्यात आले होते. वैयक्तिक अपमानातून सार्वजनिक न्यायाकडे जाणारे हे पाऊल वेदोक्ताच्या तत्त्वात अनुस्यूत नव्हते. ते त्या तत्त्वाच्या पलीकडे गेल्यामुळेच पडले.

३. सत्यशोधनाचा मार्ग

१९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली. भास्करराव जाधव, अण्णासाहेब लठ्ठे, म. ग. डोंगरे ही तिच्या कार्याशी निगडित असलेली ठळक नावे होत. जाधव मराठा, लठ्ठे जैन; या एका गोष्टीवरूनही शाखेचे स्वरूप ध्यानात येते. पुढे खेड्यापाड्यांत विधी चालवू शकतील असे तरुण तयार करण्यासाठी १९१३ मध्ये शाळा काढण्यात आली, आणि घरच्या माणसाने घरचा विधी करावा म्हणून मराठीत विधीची पुस्तके लिहिली गेली.

या उपक्रमाचे मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. वेदोक्ताच्या मार्गात यजमान बदलतो, पुरोहित तोच राहतो. सत्यशोधक मार्गात पुरोहिताची जागाच रिकामी होते आणि ती जागा घरातील जाणत्या माणसाला भरून काढावी लागते. ज्या भाषेत वधूवर एकमेकांशी बोलतात त्याच भाषेत ती शपथ घेतात. म्हणून शपथेचा अर्थ त्यांना कळतो आणि अर्थ कळल्यामुळे तिची जबाबदारीही त्यांच्यावर येते. आध्यात्मिक साधना या शब्दाने जप, तप, अनुष्ठान असे काही सूचित होते. सत्यशोधकांची साधना या घरगुती स्वरूपाची होती. स्वतः वाचणे, स्वतः समजून घेणे आणि स्वतः उत्तरदायी होणे, ही तिची तीन अंगे म्हणता येतील.

परंतु यातूनच एक अडचण निघते. पुस्तक वाचून विधी करावयाचा तर वाचता आले पाहिजे. बहुजन समाजात साक्षरांची संख्या तुटपुंजी असता पुरोहितावाचूनचा धर्म हा केवळ संकल्पच राहणार. येथे धर्मसुधारणा आणि शिक्षण यांची गाठ पडते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे वसतिगृह, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि त्यानंतर नामदेव, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशी वसतिगृहांची मालिका कोल्हापुरात उभी राहिली. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला.

ही वसतिगृहे जातवार होती, हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे आणि तो निराधार नाही. समर्थनार्थ असे सांगता येते की, त्या काळी खेड्यातील पालक आपला मुलगा परजातीच्या स्वयंपाकघरात जेवू देणार नव्हता. जातीचा आधार घेतला म्हणून मुले शहरात आली, आणि शाळेच्या वर्गात एकत्र बसली. तरीही आक्षेपाचे वजन कमी होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिल्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. सुधारकांनी उभारलेल्या संस्थेच्या उंबरठ्याआतही सोवळे टिकून होते. विधीतून पुरोहित गेला, तरी मनातून विटाळ जात नाही, हे या प्रसंगावरून दिसते. सत्यशोधनाच्या मार्गाची ही मर्यादा होती, आणि ती ओळखल्यामुळेच भाऊरावांनी पुढे निराळी वाट धरली.

४. दोन मार्गांतील संघर्ष

१९१८ नंतर शाहू छत्रपतींच्या धर्मविषयक धोरणात एक पालट दिसतो. त्या वर्षी कोल्हापुरात आर्य समाजाची शाखा स्थापन झाली आणि १९१९ मध्ये राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या व्यवस्थेखाली देण्यात आले. वेदप्रामाण्य कायम ठेवून जन्माधिष्ठित जातिभेद नाकारणारा हा पंथ, वेदोक्ताचा आग्रह आणि समतेची ओढ या दोहोंना सामावून घेणारा वाटावा, हे स्वाभाविक होते. १९२० मध्ये मराठा मुलांना पौरोहित्य शिकवण्यासाठी श्री शिवाजी वैदिक विद्यालय निघाले. त्याच वर्षी भुदरगड तालुक्यातील पाटगाव येथील मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची ‘क्षात्रजगद्गुरू’ म्हणून स्थापना करण्यात आली.

या शेवटच्या घटनेने सत्यशोधकांत मतभेद निर्माण झाले. अहमदनगर जिल्ह्यातून ‘दीनमित्र’ चालवणारे मुकुंदराव पाटील यांनी क्षात्रजगद्गुरू या कल्पनेवर उघड टीका केली. त्यांच्या टीकेचा आशय असा की, गुरू या मध्यस्थाची गरजच नाही असे सांगणाऱ्या समाजाने आपल्या जातीचा गुरू नेमून घेणे हे तत्त्वाशी विसंगत आहे. छत्रपतींच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे. लोकांना पीठ, गादी आणि आचार्य यांची शतकानुशतके सवय असताना ती जागा एकाएकी मोकळी ठेवणे राज्यकर्त्याला व्यवहार्य वाटले नसेल. आणि शंकराचार्यांच्या अधिकारातून आपल्या प्रजेला सोडवण्याचा तो एक उपाय होता. हा वाद व्यक्तींचा नव्हता. मुक्तीच्या कार्यात जुनी रूपे नव्या हातांत द्यावयाची की ती रूपेच टाकून द्यावयाची, असा हा मूलगामी प्रश्न होता आणि जगातील बहुतेक धर्मसुधारणांना तो कधी ना कधी पडलेला आहे.

काळाने या वादावर जे भाष्य केले ते मननीय आहे. क्षात्रजगद्गुरूंच्या पीठाभोवती व्यापक लोकधर्म उभा राहिला नाही. ज्या मौनी महाराजांच्या मठावर ते पीठ स्थापन झाले, त्या मौनी महाराजांचे नाव मात्र १९५२ मध्ये गारगोटी येथे निघालेल्या मौनी विद्यापीठाने धारण केले आणि ग्रामीण शिक्षणाच्या द्वारे ते भुदरगडच्या घराघरांत पोचले.

५. सहपंक्तीचा मार्ग

वरील दोन्ही मार्गांची खरी परीक्षा अस्पृश्यांच्या प्रश्नावर झाली. वेदोक्ताने मराठ्याला क्षत्रिय केले. सत्यशोधनाने त्याला स्वतःचा पुरोहित केले. परंतु महाराच्या हातचे पाणी तो पिणार की नाही?

गंगाराम कांबळे यांची हकीकत या संदर्भात महत्त्वाची आहे. दरबारच्या चाकरीतून बाहेर पडलेल्या या महार गृहस्थाने शाहू छत्रपतींच्या उत्तेजनाने कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान काढले. स्पृश्य गिऱ्हाईक तेथे फिरकेना, तेव्हा छत्रपती स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देववीत. राजाबरोबर असलेल्यांना नाही म्हणणे शक्य नव्हते. हा दबाव होता हे खरे. पण ज्या रूढीने शतकानुशतके दुसऱ्या बाजूने दबाव टाकला होता तिच्याविरुद्ध तो होता. धर्मशास्त्रावरील शंभर व्याख्यानांनी जो प्रश्न सुटत नाही तो एका पेल्याने निदान उघडा पडतो.

या आचाराला हुकमांची जोड मिळाली. १९१८ मध्ये महारांची वतने मोडून त्या जमिनी रयताव्याने देण्यात आल्या आणि गावकीच्या वेठीतून त्यांना सोडवण्याचा यत्न झाला. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. सार्वजनिक इमारती, दवाखाने, पाणवठे या ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे आदेश दिले गेले. १९१७ मध्ये विधवाविवाहास, आणि १९१९ मध्ये मिश्रविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. पंक्ती, पाणवठा आणि विवाह, म्हणजे भक्तिपरंपरेने जे तीन व्यवहार जातीच्या हाती राहू दिले होते तेच, येथे प्रथमच राज्यशासनाच्या कक्षेत आले.

या मार्गाचे सर्वोच्च टोक म्हणजे २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे भरलेली अस्पृश्यांची परिषद होय. डॉ. भीमराव आंबेडकर हे तिचे अध्यक्ष होते. त्यांचे वय तेव्हा २९ वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते आणि त्यांचे ‘मूकनायक’ पत्र निघून दोन महिनेही लोटले नव्हते. त्या पत्रास छत्रपतींनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. परिषद भरवण्यात गावचे पाटील अप्पासाहेब दादागोंडा पाटील यांचा पुढाकार होता, आणि ते जैन होते. परिषदेत बोलताना छत्रपतींनी, अस्पृश्यांना त्यांच्यातीलच पुढारी लाभला याबद्दल आनंद व्यक्त केला आणि आपला पुढारी परक्यांत शोधू नये, असा सल्ला दिला.

या सल्ल्यात बंधुभावाची जी कल्पना आहे ती उपकाराच्या कल्पनेहून पुष्कळ पुढची आहे. उपकारकर्ता स्वतःचे स्थान सोडीत नाही. येथे एक सत्ताधीश, ज्याच्या हाती हुकूम, पैसा आणि मान ही तिन्ही साधने होती, तो दुसऱ्या समाजाचे नेतृत्व आपल्याकडे नसावे असे स्वतःच सांगतो. श्रेष्ठत्व मिळवण्याच्या इच्छेने ज्याचा धर्मविचार पंचगंगेच्या घाटावर सुरू झाला, तो माणगावात श्रेष्ठत्व सोडून देण्यापर्यंत आला. या दोन स्थळांमधील अंतर सुमारे वीस वर्षांचे आहे. करवीरच्या धर्मेतिहासातील अत्यंत मोलाचा भाग या अंतरातच सामावला आहे.

६. मर्यादा आणि परिणती

१९२२ मध्ये शाहू छत्रपती निवर्तले. त्यानंतरचा इतिहास पाहता असे दिसते की, राजाज्ञेने सुरू झालेला आचार लोकांच्या अंगवळणी पडण्यास जेवढा काळ लागतो तेवढा तो मिळाला नाही. ब्राह्मणेतर पक्ष कायदेमंडळे, लोकल बोर्डे आणि नोकऱ्या यांच्या राजकारणात गुंतला. १९३० नंतर त्यातील मोठा भाग काँग्रेसमध्ये गेला. अस्पृश्यांची चळवळ स्वतंत्र वाटेने चालू लागली. १९२७ मध्ये महाड, १९३० मध्ये नाशिक, १९३५ मध्ये येवला आणि १९५६ मध्ये नागपूर, असे तिचे टप्पे सर्वज्ञात आहेत. नागपूर येथील धर्मांतराने श्रद्धा आणि बंधुता यांचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. धम्म हा एकट्याचा नसून माणसामाणसांतील संबंधांचा आहे, दोन माणसे एकत्र आली की त्यांना धम्मावाचून गत्यंतर नाही, असा विचार आंबेडकरांनी आपल्या ग्रंथात मांडला. जुन्या घरात समान वाटा मागण्याऐवजी त्यांनी नवे घर बांधले.

चळवळीची काळी बाजूही नोंदली पाहिजे. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर कोल्हापुरात आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ झाली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही तीत जळाला. ही जाळपोळ सत्यशोधक तत्त्वातून निघाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एका मक्त्याविरुद्धचा लढा एका जातीविरुद्धच्या वैरात किती सहज घसरतो, याचे ते उदाहरण आहे. राजारामशास्त्री भागवतांचा शब्द ज्या गावातील चळवळीच्या आरंभी होता त्याच गावात हे घडले, ही गोष्ट विसरता येत नाही.

तरीही सहपंक्तीचा मार्ग अजिबात मोडला नाही. तो राजवाड्यातून बाहेर पडून लोकांत गेला. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. त्याला त्यांनी शाहू छत्रपतींचे नाव दिले. येथे मुले स्वतः दळत, रांधत आणि एका पंगतीत जेवत. कोठारात धान्य नसता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ज्या जैन बोर्डिंगात शुद्धीच्या स्नानाचा प्रश्न निघाला होता, त्याचे उत्तर या स्वयंपाकघरात मिळाले.

भक्तिपरंपरेच्या अंगाने हेच उत्तर साने गुरुजींनी दिले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केल्यानंतर १ मे १९४७ पासून त्यांनी पंढरपुरात उपोषण केले आणि दहाव्या दिवशी ते सुटले. गुरुजींना स्वतःला मंदिरात जाण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. उपवास ही वारकऱ्याच्या एकादशीची परिचित साधना. तिचे फळ स्वतःच्या पुण्याच्या खात्यावर न मांडता ज्याला दार बंद आहे त्याच्या नावे करणे, हा त्या साधनेचा नवा विनियोग होता.

७. तौलनिक दृष्टी

अन्य देशांतील अनुभवाशी ताडून पाहता करवीरचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे १९५५-५६ मध्ये निग्रो समाजाने बसगाड्यांवर ३८१ दिवस बहिष्कार घातला. त्या लढ्याचे अधिष्ठान त्यांचे स्वतःचे चर्च होते. गोऱ्या समाजापासून पृथक असल्यामुळेच ते स्वतंत्र राहू शकले. लॅटिन अमेरिकेत १९६८ च्या मेदेयीन येथील बिशपांच्या परिषदेनंतर आणि गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ मधील ग्रंथानंतर गरिबांच्या लहान लहान मंडळ्या बायबल स्वतः वाचू लागल्या. मंत्र स्वतःच्या भाषेत वाचणाऱ्या सत्यशोधक घराशी त्यांचे साम्य उघड आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी पीडितांना एक समान धर्मसंस्था आधीपासून उपलब्ध होती. करवीरमध्ये तशी संस्था नव्हती. येथील जातिव्यवस्थेत प्रत्येक पीडिताच्या खाली दुसरा पीडित होता. त्यामुळे श्रद्धा समान असूनही पंगत समान नव्हती. म्हणून येथे बंधुता ही श्रद्धेतून आपोआप निपजणारी गोष्ट नव्हती. ती वसतिगृहात, चहाच्या दुकानात आणि शाळेच्या बाकावर वेगळी कमवावी लागली.

यावरून एक सिद्धांत मांडता येतो. श्रद्धा माणसाला ताठ उभे राहण्याचे बळ देते. परंतु हे बळ कोणत्या दिशेने वळेल हे श्रद्धेच्या आशयावरून सांगता येत नाही. ते तिच्या नित्याच्या आचारावरून ठरते. जो आचार माणसाला वरच्याच्या बरोबरीने बसवतो तो मान देतो. आणि जो खालच्या समजल्या गेलेल्याच्या शेजारी बसवतो तोच मुक्तीकडे नेतो. पहिल्यावाचून दुसरा संभवला नसता, हेही करवीरच्या इतिहासावरून तितकेच खरे दिसते. म्हणून वेदोक्ताच्या लढ्याला केवळ प्रतिष्ठेचा लढा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे, आणि त्यालाच मुक्तीचा लढा मानणेही योग्य नव्हे.

हा सिद्धांत पडताळून पाहण्यास साधने उपलब्ध आहेत. शिवाजी विद्यापीठाने डॉ. विलास संगवे प्रभृतींच्या संपादनाखाली शाहू छत्रपतींची कागदपत्रे खंडशः प्रसिद्ध केली आहेत. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर आहे. परंतु हुकूम कोणता निघाला हे दप्तर सांगते; हुकमानंतर गावात काय झाले हे क्वचितच सांगते. कोणत्या गावात कोणाच्या घरी विधी कोणी केला, त्या दिवशी पंगतीला कोण बसले, आणि पुढच्या पिढीत पुन्हा पुरोहित आला की नाही, या प्रश्नांची उत्तरे कुटुंबांच्या वह्या, लग्नपत्रिका, वसतिगृहांची हजेरीपत्रके आणि वृद्धांच्या स्मृती यांत विखुरलेली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एकेक गाव हाती घेतले तरी ही सामग्री गोळा होऊ शकेल. माणगाव आणि पाटगाव या दोन गावांपासून आरंभ केला तर तुलनेसही सोयीचे जाईल. कारण १९२० या एकाच वर्षी एका गावात नवा जगद्गुरू गादीवर बसला आणि दुसऱ्या गावात एका राजाने आपली जागा दुसऱ्याला दिली.